पडद्याआडचा कारभारी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत दोन गांवें अशीं आहेत कीं, मराठ्यांचा इतिहास ज्यानें थोडाबहुत चाळला आहे त्याला त्यांचीं नांवें निराळीं सांगावीं लागत नाहींत. एक चौंडी आणि दुसरें खर्डा. चौंडीस इ. स. १७२५ मध्यें अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. खर्ड्यास ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची लढाई होऊन निजामअलीला तेथील किल्ल्याचा आश्रय करावा लागला. एका गांवाचें नांव पुण्याईसाठीं घेतलें जातें, दुसऱ्याचें पराक्रमासाठीं. परंतु ह्या दोन्ही गांवांशीं निगडित असलेला आणखी एक विषय आहे, आणि तो कारभाऱ्याचा. जो स्वतः मालक नाहीं, पण मालकाच्या वतीनें सारें चालवितो, आणि ज्याच्यावांचून मालकाचें पान हलत नाहीं, अशा पुरुषाच्या हातीं सत्ता किती असावी? अठराव्या शतकांत हा प्रश्न दौलतींपुढें होता. विसाव्या व एकविसाव्या शतकांत तोच प्रश्न संगणकाच्या जगांत नव्यानें उभा राहिला, आणि तेथें त्याचें उत्तर शोधावयास चाळीस-पन्नास वर्षें लागलीं.

प्रथम चौंडीच्या कन्येची हकीकत. खंडेराव होळकर १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत पडले, सुभेदार मल्हारराव १७६६ मध्यें वारले, आणि १७६७ मध्यें अहिल्याबाईंचा एकुलता पुत्र मालेराव हाही गेला. त्या वेळीं दौलतीचा जुना कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यानें असा आग्रह धरिला कीं, बाईंनीं एखादें मूल दत्तक घ्यावें आणि कारभार आपल्याकडे राहूं द्यावा. बाईंनीं तें मानलें नाहीं. कारभाऱ्यानें राघोबादादांस फौजेसह बोलाविलें, तरी त्या डगमगल्या नाहींत; आणि माधवराव पेशव्यांनीं अखेर त्यांचाच अधिकार मान्य केला. पुढें त्यांनीं जी व्यवस्था लाविली ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फौज व मोहिमा तुकोजी होळकरांकडे; मुलकी कारभार व खजिना स्वतःकडे. सर्व किल्ल्या एकाच कमरेला असूं नयेत, हें त्या व्यवस्थेचें मर्म होतें. १७९५ मध्यें बाईंचा अंत होईपर्यंत ती चालली.

खर्ड्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्या रणांगणावर पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे बहुतेक सारे एका झेंड्याखालीं जमले, आणि त्यांना जमविण्याचें श्रेय नाना फडणविसांचें. बारभाईंचें मंडळ केव्हांच मागें पडलें होतें. मसलत, पैसा, पत्रव्यवहार, बातमी, या सर्वांचे धागे एका नानांच्या बोटांत आले होते. तीं बोटें फिरत होतीं तोंवर दौलत चालली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव गेले आणि धागे गुंतले. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईच्या तहावर सही केली. नानांची बुद्धि कमी पडली असें कोणी म्हणणार नाहीं. उणेपणा रचनेंत होता. कारभारी नाहींसा झाल्यावरही जें आपोआप चालूं राहावें, असें फारसें कांहीं उरलेंच नव्हतें.

आतां त्याच जामखेड तालुक्याचें आजचें चित्र पाहावें. पूर्वी गांवाचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं रुमालांत बांधलेलें असे. कुळकर्णी वतनें रद्द करणारा कायदा १९५० सालीं झाला आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आलें. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा मिळून होणारा सातबारा प्रथम हातानें लिहिला जाई. मग तो संगणकावर आला. आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. म्हणजे दप्तराचा रुमाल सुटला, आणि तें दूर कोठें तरी थंड हवेच्या बंदिस्त दालनांत, ज्याला डेटा सेंटर म्हणतात तेथें, जाऊन बसलें. विंचरणेच्या कांठच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठीं उतारा हवा असला कीं त्याची मागणी तारांतून तेथवर जाते. आणि कधीं कधीं सेवाकेंद्राच्या खिडकींतून त्याला दोनच शब्द ऐकूं येतात : 'सर्व्हर डाउन'. पेरणी तोंडावर असते, बँकेची मुदत असते, एस. टी. चें भाडें खर्च झालेलें असतें. बंद पडलें तें काय, यंत्र कीं यंत्राचा कारभारी, हें त्याला कोणी सांगत नाहीं. ह्या दोहोंत अंतर किती आहे, आणि तें अंतर पाडण्यासाठीं लोकांनीं किती वर्षें खर्चिलीं, हें समजण्यास संगणकाच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

सर्व्हर म्हणजे अनेकांस सेवा पुरविणारा बलाढ्य संगणक. त्याची शक्ति इतकी असते कीं, बहुधा एका कामानें ती पुरी वापरलीच जात नाहीं. पुण्याचा एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. वाडा एक, पाया एक, पाण्याचा हौद एक. पण आंत दहा बिऱ्हाडें नांदतात. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळें, संसार निराळा. सर्व्हरमध्यें याच रीतीनें अनेक 'आभासी यंत्रें' वसविलेलीं असतात. फरक एवढाच कीं, वाड्यांतल्या बिऱ्हाडकरूला शेजारी माहीत असतो. आभासी यंत्राला मात्र सारा वाडा आपला एकट्याचाच वाटत असतो. त्याला दिसणारी स्मृति, त्याची डिस्क, त्याची बाहेर जाणारी तार, हीं सर्व भासमान. पण त्याच्यावर चालणारें काम अगदीं खरें. एका यंत्रांत जमिनीचीं दप्तरें, दुसऱ्यांत कराचा हिशेब, तिसऱ्यांत परीक्षांचे निकाल असूं शकतात, आणि एकाचें छप्पर गळलें म्हणून दुसऱ्याची चूल विझत नाहीं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचें मोठें डेटा सेंटर पुण्यांत २०१० सालीं सुरू झालें. आणि २०१४ सालीं भारत सरकारनें 'मेघराज' नांवाची योजना काढिली, तिच्यांतून सरकारी खात्यांना अशीं आभासी यंत्रें पुरविलीं जातात. खात्यानें स्वतःचें लोखंड विकत घ्यावयास नको. मागितल्या मापाचें बिऱ्हाड मिळतें.

दहा बिऱ्हाडांच्या वाड्याला कोणी तरी पाहणारा लागतो. नव्या माणसाला खोल्या लावून देणें, पाण्याची वांटणी करणें, दिंडीची किल्ली सांभाळणें, कोण आला व कोण गेला याची नोंद ठेवणें, हीं कामें मालक करीत नाहीं. त्याचा कारभारी करितो. सर्व्हरवर हें काम करणारी एक आज्ञावली असते. ती पडद्यावर दिसत नाहीं, कोणाशीं आपणहून बोलत नाहीं, पण यंत्र चालूं झाल्यापासून जागी असते. अशा आज्ञावलीला संगणकशास्त्रांत 'डीमन' म्हणतात. शब्द दचकविणारा आहे खरा, परंतु भुताखेतांशीं त्याचा संबंध नाहीं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञानें १८६७ सालीं एक काल्पनिक द्वारपाल कल्पिला होता. दोन खोल्यांमधील इवल्याशा दारापाशीं बसून तो वायूचे वेगवान कण एकीकडे आणि मंद कण दुसरीकडे सोडतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १९६३ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनीं मोठ्या संगणकांत मागच्या मागें अखंड राबणाऱ्या आज्ञावल्या रचिल्या आणि त्यांना ह्या द्वारपालावरून नांव दिलें. पुढें युनिक्स पद्धतींत अशा आज्ञावलीच्या नांवाच्या शेवटीं 'डी' हें अक्षर जोडण्याचा परिपाठ पडला. आपल्या गांवकींत ह्या पात्राला फार जुनें नांव आहे : जागल्या. गांव निजतें तेव्हां जो जागा असतो तो.

एका यंत्रांत अनेक यंत्रें वसविण्याची कल्पना कॉर्बाटो यांच्या शेजारींच, त्याच केंब्रिज शहरांतील आय. बी. एम. कंपनीच्या विज्ञानकेंद्रांत आकारास आली. त्या काळीं संगणक अतिशय महाग असत आणि भोंकें पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन लोक आपल्या पाळीची वाट पाहात. एकाच यंत्राचा वेळ अनेकांना क्षणाक्षणानें वांटून द्यावा, असा विचार १९५९ पासून मांडला जाऊं लागला होता. रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी एक पाऊल पुढें गेले. नुसता वेळच कां वांटावा? प्रत्येकाला एकेक अख्खें यंत्रच मिळाल्याचा भास कां उत्पन्न करूं नये? त्यांनीं रचिलेली सी. पी. ४० ही पद्धति जानेवारी १९६७ मध्यें चालूं झाली. सिस्टिम ३६० ह्या मालिकेंतील चाळीस क्रमांकाच्या यंत्रांत फेरफार करून त्यांनीं चौदा आभासी यंत्रें उभीं केलीं. प्रत्येकाच्या वांट्यास २५६ किलोबाइट स्मृति होती. आजच्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाहीं.

त्या मंडळींची खरी दृष्टि त्यांनीं केलेल्या कामाच्या विभागणींत दिसते. नियंत्रकानें फक्त वांटणी पाहावयाची. वापरणाऱ्याशीं बोलणें, त्याचे कागद ठेवणें, त्याच्या आज्ञा समजून घेणें, हें सर्व प्रत्येक आभासी यंत्राच्या आंत चालणाऱ्या सी. एम. एस. ह्या दुसऱ्या, लहान पद्धतीनें करावयाचें. कारभाऱ्यानें बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरांत डोकावूं नये, असाच हा नियम. त्याच सुमारास त्याच कंपनीनें टी. एस. एस. नांवाची एक भव्य पद्धति हातीं घेतली होती. तींत सर्व कामें एकाच ठिकाणीं एकवटलेलीं होतीं. तिला विलंब होत गेला आणि यश आलें नाहीं. थोड्या माणसांनीं केलेली लहान पद्धति मात्र वाढत जाऊन २ ऑगस्ट १९७२ रोजीं व्ही. एम. ३७० ह्या नांवानें जाहीर झाली. तिचे वंशज आजही मोठ्या यंत्रांवर चालतात.

१९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग ह्या दोघांनीं ह्या सर्व खटाटोपाला शास्त्राचें रूप दिलें. खऱ्या आभासी यंत्राचीं त्यांनीं तीन लक्षणें सांगितलीं. आभासी यंत्रांत कामाचें फळ खऱ्या यंत्रांतल्यासारखेंच आलें पाहिजे, हें पहिलें. बहुतेक आज्ञा मध्यस्थाच्या हातून न जातां थेट यंत्रावर चालल्या पाहिजेत, हें दुसरें. आणि सर्व साधनसंपत्तीवर अंतिम ताबा नियंत्रकाचाच असला पाहिजे, हें तिसरें. दुसरें व तिसरें लक्षण एकत्र वाचलें म्हणजे त्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. अधिकार पूर्ण असावा, परंतु रोजच्या व्यवहारांत नियंत्रकानें वाटेंत उभें राहूं नये. राज्यशास्त्रावरील एखाद्या जुन्या ग्रंथांत शोभावें असें हें वचन दोन संगणकशास्त्रज्ञांनीं गणिताच्या भाषेंत मांडिलें.

पुढें मेजावर मावणारे लहान संगणक आले आणि ही विद्या कांहीं काळ मोठ्या यंत्रांपुरतीच राहिली. इंटेलच्या जातीचे जे प्रोसेसर सर्वत्र पसरले ते पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीस उतरत नसत. त्यांतील कांहीं आज्ञा अशा होत्या कीं, आभासी यंत्रांत त्या नियंत्रकाला वर्दी न देतां गुपचुप वेगळेंच फळ देत. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें अशा अडचणीच्या आज्ञांचें चालतां चालतां भाषांतर करण्याची युक्ति काढून १९९९ मध्यें आपलें पहिलें उत्पादन बाजारांत आणिलें. २००३ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांतून 'झेन' नांवाची पद्धति पुढें आली. तिनें आभासी यंत्रांतील पद्धतीलाच थोडी मुरड घालून तीच अडचण ओलांडिली. नोव्हेंबर २००५ मध्यें इंटेलनें, आणि पुढच्या वर्षीं ए. एम. डी. नें, ह्या कामाला लागणारी सोय प्रोसेसरमध्येंच करून दिली, तेव्हां हा तांत्रिक अडसर दूर झाला. ॲमेझॉन कंपनीनें २००६ सालीं झेनच्या आधारें आभासी यंत्रें भाड्यानें देण्याचा धंदा सुरू केला, आणि ज्याला आज 'क्लाउड' म्हणतात त्या व्यवसायास वेग आला.

ह्या टप्प्यावर कारभाऱ्याचा प्रश्न पुन्हां डोकें वर काढतो. झेनच्या पद्धतींत पहिल्या आभासी यंत्राला विशेष अधिकार असत, आणि त्यांत 'झेंड' नांवाचा एक डीमन बसलेला असे. कोणतें यंत्र उभें करावयाचें, कोणतें थांबवावयाचें, कोणाला किती स्मृति द्यावयाची, सर्व कांहीं त्याच्या मुखानें. अशा एकखांबी व्यवस्थेला झेनचे कर्ते स्वतःच कंटाळले. २०११ सालच्या ४.१ ह्या आवृत्तींत त्यांनीं कायमचा डीमन मध्यें न ठेवतां काम करणारें दुसरें साधन पुढें आणिलें, आणि २०१५ सालच्या ४.५ आवृत्तींत झेंडला निरोप देण्यांत आला.

दरम्यान दुसरीकडे निराळी वाट निघाली होती. अवि किविटी यांनीं कुमरानेट ह्या कंपनींत के. व्ही. एम. नांवाची रचना केली. फेब्रुवारी २००७ मध्यें ती लिनक्सच्या २.६.२० ह्या आवृत्तींत समाविष्ट झाली. तिची कल्पना साधी आहे. लिनक्स हीच मुळीं एक कुशल व्यवस्था आहे. शेंकडों आज्ञावल्यांना वेळ व स्मृति वांटून देण्याचें काम ती रोज करितेच. मग आभासी यंत्र हेंही तिच्या दृष्टीनें एक साधें चालतें काम कां असूं नये? त्या यंत्राला लागणारीं भासमान साधनें, म्हणजे डिस्क, पडदा, तार वगैरे, फाब्रिस बेलार यांनीं २००३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'क्यू-एमू' ह्या आज्ञावलीकडून घेतलीं गेलीं. अशा रीतीनें प्रत्येक बिऱ्हाड स्वतंत्र झालें. आतां फक्त सर्वांची नोंद ठेवणारा उरला. रेड हॅट कंपनींतील दानिएल व्हेयार यांनीं २००५ च्या अखेरीस 'लिबव्हर्ट' नांवाचें काम आरंभिलें होतें. झेन असो वा के. व्ही. एम., सर्वांशीं एकाच भाषेंत बोलतां यावें हा त्याचा हेतु. त्यांतील जो डीमन, त्याचें नांव परिपाठाप्रमाणें 'लिबव्हर्ट-डी'.

हा कारभारी काम कसा करितो तें थोडें जवळून पाहण्यासारखें आहे. सर्व्हर सुरू होतो तेव्हां लिनक्समधील सिस्टिम-डी हा मुख्य सेवक त्याला उठवितो. प्रत्येक आभासी यंत्राची एक लेखी सनद असते : प्रोसेसर किती, स्मृति किती, डिस्क कोणती, तार कोठें जोडावयाची. ह्या सनदा साध्या अक्षरांत लिहिलेल्या असून माणसालाही वाचतां येतात. ज्या यंत्रांवर 'आपोआप सुरू' अशी खूण असेल तीं कारभारी कोणी न सांगतां उभीं करितो. बाकीच्यांसाठीं व्यवस्थापक 'व्हर्श' नांवाच्या साधनानें हुकूम देतो : यादी दाखव, हें यंत्र सुरू कर, तें बंद कर. बंद करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. 'शटडाउन' म्हणजे बिऱ्हाडकरूला सौजन्यानें सांगणें कीं, आवराआवर करून दिवा मालवा. 'डिस्ट्रॉय' म्हणजे विजेची तारच ओढणें. नांव भयंकर असलें तरी ह्या दुसऱ्या हुकुमानें सनद किंवा डिस्क नाहींशी होत नाहीं. मात्र अर्धवट लिहिलेलें पान अर्धवटच राहण्याचा धोका असतो. नवख्या माणसाला हा भेद प्रथमच शिकविला पाहिजे.

आणि आतां मुख्य गोष्ट. हा कारभारी स्वतःच बंद पडला तर काय होतें? बिऱ्हाडें चालूं राहतात. प्रत्येक आभासी यंत्र निराळें काम म्हणून चालत असल्यामुळें त्याचा श्वास कारभाऱ्याच्या श्वासावर अवलंबून नसतो. सिस्टिम-डीलाही स्पष्ट ताकीद दिलेली असते कीं, ही सेवा थांबवितांना एकट्या कारभाऱ्यालाच थांबवावें, त्यानें उभ्या केलेल्या यंत्रांस हात लावूं नये. यंत्रांना पत्ते वांटणारी लहान आज्ञावलीही वेगळी असल्यामुळें तीही चालूं राहते. कारभारी जागा असतांना चालूं यंत्रांचें एक टिपण ठेवीत असतो. परत उठल्यावर तो तें वाचतो, प्रत्येक यंत्राशीं पुन्हां संधान बांधतो, आणि जेथें काम राहिलें होतें तेथून पुढें चालवितो. मधल्या वेळांत कांहीं गोष्टी अडतात, हें खरें. नवें यंत्र उभें करतां येत नाहीं, चालतें यंत्र ह्या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर हलवितां येत नाहीं, एखादें कोसळलें तर त्याची दखल घेणारा कोणी नसतो. परंतु ज्या यंत्रांत सातबाऱ्यासारखीं दप्तरें असतील तें तेवढ्यानें बंद होत नाहीं. म्हणूनच व्यवस्थापक भर दुपारीं, काम चालूं असतांना, कारभाऱ्याची नवी आवृत्ति बसवून त्याला पुन्हां सुरू करूं शकतो, आणि खिडकीवरच्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. खुद्द सर्व्हरच बंद करावयाचा असेल तर मात्र आणखी एक लहान सेवा पुढें येते व प्रत्येक बिऱ्हाडाला आवराआवरीची सूचना देते. ती सेवा चालूं आहे कीं नाहीं हें आधीं पाहून ठेवणें हा दक्ष व्यवस्थापकाचा धर्म होय.

तरीही लिबव्हर्ट-डीच्या अंगावर कालांतरानें फार कामें चढलीं : यंत्रें, जाळीं, डिस्का, गुप्त किल्ल्या, सर्व एकाच ठिकाणीं. मग त्याच्या कर्त्यांनीं अहिल्याबाईंचीच वाट धरिली, अर्थात् त्यांचें नांव न ऐकतां. एका मोठ्या कारभाऱ्याचे अनेक लहान कारभारी केले. के. व्ही. एम. च्या यंत्रांचा एक, जाळ्याचा एक, साठवणीचा एक, गुपितांचा एक. हांक आली कीं ज्याचें काम तो उठतो. काम नसेल तर कांहीं वेळानें, बहुधा १२० सेकंदांनीं, पुन्हां निजतो. एक अडखळला तर दुसऱ्याचें काम अडत नाहीं. फेडोरा ३५ ह्या लिनक्सच्या आवृत्तींत २०२१ सालीं, आणि रेड हॅटच्या नवव्या आवृत्तींत २०२२ सालीं, हीच व्यवस्था नेहमींची म्हणून स्वीकारली गेली.

सत्तेचा दुसरा धोका किल्लीचा असतो. कारभाऱ्याशीं बोलण्याचें एक दार असतें, आणि त्या दारांतून आंत येण्याची मुभा एका विशिष्ट गटाच्या सभासदांना दिलेली असते. पुष्कळ ठिकाणीं सोयीसाठीं ह्या गटांत वाटेल त्याचें नांव घातलें जातें. हें मोठें अज्ञान आहे. कारण जो कारभाऱ्याला हुकूम देऊं शकतो तो त्याच्याकरवीं वाड्याची कोणतीही खोली आपल्या बिऱ्हाडाला जोडून घेऊं शकतो. म्हणजे तो व्यवहारांत मालकच झाला. चंद्रचुडाच्या गोष्टींतील पेंच हाच होता. भिंतींचीही परीक्षा होत असते. मे २०१५ मध्यें असें उघडकीस आलें कीं, क्यू-एमूमधील भासमान फ्लॉपी-यंत्राच्या लेखनांत एक दोष आहे, आणि त्याच्या आधारें एका बिऱ्हाडांतून भिंत फोडून बाहेर येणें शक्य आहे. वापरांतून गेलेली फ्लॉपी, पण तिची खोली वाड्यांत तशीच राहिली होती. अशा प्रसंगासाठींच २००९ पासून प्रत्येक आभासी यंत्राला वेगळी खूण लावून, एकाला दुसऱ्याच्या कागदांना हात लावतां येऊं नये अशी तजवीज लिबव्हर्टमध्यें करण्यांत आली आहे. जेथें ती तजवीज चालूं ठेविलेली असते तेथें एक भिंत फुटली तरी दुसरी उभी राहते.

सी. पी. ४० पासून आजपर्यंतच्या ह्या इतिहासांत यंत्रें सहस्रपटींनीं वाढलीं आणि कारभारी मात्र लहान होत गेला. त्याचा मान कमी झाला नाहीं. त्याच्यावांचून क्षणभर चालूं शकेल असें घर बांधणें हीच त्याच्या कामाची कसोटी ठरली. सरकारी खातें असो, बँक असो वा रुग्णालय असो, ज्यांनीं लोकांचीं दप्तरें अशा यंत्रांत ठेविलीं आहेत त्यांना नागरिकानें विचारावयाचा प्रश्न यांतूनच निघतो. यंत्र किती मोठें आहे, हें विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. पाहणारा निजला, बदलला किंवा चुकला, तर काय चालूं राहील? किल्ल्या किती जणांकडे आहेत? बंद करण्यापूर्वीं आवराआवरीची सूचना कोण देतो? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्याजवळ लेखी तयार आहेत त्याच्या हातीं दप्तर निर्धास्तपणें द्यावें.

माणसांच्या कामालाही हें लागू पडतें, आणि त्याचा दाखला शोधण्यास जामखेडाबाहेर जावयास नको. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य आरोग्यकार्यासाठीं जामखेडास आलें. रुग्णालय त्यांनीं उभारिलें. परंतु गांवांचें आरोग्य त्या एका इमारतीवर टांगून ठेविलें नाहीं. गांवोगांवच्या स्त्रिया, त्यांतील कित्येक निरक्षर, त्यांनीं शिकवून तयार केल्या. बाळंतपण, लहान मुलांचें पोषण, पाण्याची स्वच्छता, साधे आजार, हें सर्व त्या आपल्या गांवींच पाहूं लागल्या, आणि डॉक्टरांकडे पाठविण्याजोगें तेवढेंच जामखेडास पाठवूं लागल्या. १९७९ मध्यें ह्या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्यें गेल्या, आणि रजनीकांत २०११ मध्यें. त्यांनीं आरंभिलेलें काम त्यांच्यामागेंही चालूं राहिलें.